वायरमन येऊन गेला

परवा रात्री साडेआठ वाजता, धो धो पावसात, मी माझ्याच परड्यात, माझ्याच दगडी गडग्यावर, माझ्याच कुत्र्याला घाबरून उभा होतो. हातात पडवळाचं फूल होतं.

फुलाचं आधी सांगून टाकतो, नाहीतर भलताच गैरसमज होईल. तो एकदा झालाच आहे.

पडवळीचा सगळा कारभार रात्रीचा. दिवेलागणीला फूल उमलतं. पांढरंशुभ्र, आणि पाकळ्यांच्या कडा उसवल्यासारखे दोरेच दोरे. सकाळी बघावं तर त्याचा बोळा झालेला. नर फुलं लांब दांड्यावर घोसाने येतात, मादी मात्र एकटी, आणि तिच्या मागे बोटाएवढं केसाळ पडवळ आधीच लटकत असतं. बिचाऱ्याला वाटतं, आपण आता वाढणार. पराग पोचले नाहीत की चार दिवसांत ते पिवळं पडून गळतं. हे पराग पोचवायचं काम रात्रीचे पतंग करतात. पण सध्या पुष्य नक्षत्र चालू आहे. आमच्याकडे पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. म्हाताऱ्याने खरं तर ओसरीवर बसून कुरकुर करावी. यंदाचा म्हातारा रात्र रात्र पत्र्यावर नाचतो आहे. अशात कुठला पतंग घराबाहेर पडणार?

वेल मृगात लावलेला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण श्वेता’ वाण. माटवावर (म्हणजे मांडवावर, इथे राहून राहून जीभ वळली आहे) असा काही पसरलाय की बघत राहावं. आतापर्यंत अकरा माद्या आल्या आणि अकराही गळाल्या. गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला, म्हणजे फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीला, घरचं पडवळ हवं, एवढीच माझी इच्छा. कवंडळ रानातून मिळतं, हरणाची फुलं आणि तेरडा सड्यावर, कातळाच्या माळावर, मिळतो, पडवळ मात्र लावावं लागतं. गंमत म्हणजे पडवळ आणि कवंडळ या सख्ख्या चुलत बहिणी, वनस्पतिशास्त्रात दोघींचं आडनाव एकच, ट्रायकोसॅन्थस. पण कवंडळ रानात कुणी न विचारता लालभडक फळांनी लगडतं, आणि आमच्या बाईसाहेबांना रात्री साडेआठला बॅटरी घेऊन आलेला मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ मी.

परवा एकदम तीन माद्या उमलल्या होत्या. मुलाने पुण्याहून पाठवलेला रेनकोट मी पहिल्यांदाच अंगात चढवला. नारिंगी रंगाचा, आणि छाती-पाठीवर चकाकणारे पांढरे पट्टे. टोपी डोळ्यांवर आली की माणूस कोण आहे हे त्याचं त्यालाही सांगता येऊ नये. बॅटरी दातात धरली, एक टपोरं नर फूल खुडलं, पहिल्या मादीकडे वळलो, आणि पिंट्या आला.

पिंट्या चार वर्षांपूर्वी गटारात सापडला. मी त्याला बाटलीने दूध पाजलंय, गोचिड्या काढल्यात. माकडं माटवावर बसून पडवळ सोलत असतात तेव्हा हाच पिंट्या पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून ती सिनेमासारखी बघतो. चार वर्षांत तो कुणावर मनापासून भुंकलेला नाही. परवा मात्र काळोखातून चकाकते पट्टे चालत येताना दिसले आणि त्याच्यातला वाघ जागा झाला. मी ‘पिंट्या, पिंट्या’ म्हणतोय, पण दातात बॅटरी असल्याने ते ‘हिंख्या, हिंख्या’ असं काहीतरी निघत होतं. त्याने तो अधिक चिडला. बॅटरी पडली, विझली, मी गडग्यावर चढलो.

लाइट दोन दिवसांपासून नव्हती. आकेशियाची फांदी तारेवर पडली होती. त्यामुळे पलीकडून बॅटरीचा झोत आला तेव्हा त्यात मी, पट्ट्यांसकट, दिव्यासारखा पेटलो.

“कोण तां?”

आबा. वय ऐंशीच्या आसपास. सदऱ्याच्या मागच्या कॉलरला छत्री अडकवलेली, एका डोळ्याचा मोतीबिंदू झालाय, दुसऱ्याचा दिवाळीनंतर. कान मात्र दोन्ही सारखेच गेलेले.

“आबानू, मी!” मी ओरडलो.

आबांनी झोत माझ्या छातीवरून खाली-वर फिरवला. पट्टे बघितले. चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या नातवाच्या लग्नातही बघितला नव्हता.

“वायरमनानू! इलास? देव पावलो! दोन दिस झाले लायट नाय. पण खांब्यार चढाचा सोडून गडग्यार कित्याक चढलास?”

“कुत्रा!”

“खयचो कुत्रो? ह्यो? तो काय करूचो नाय. भुकता नुसतो. बाजूवाल्याचो तो.” मग आबा जरा पुढे सरकले, आणि एखादं गुपित सांगावं तसं, पण पावसाच्या वर जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “धनी तसो कुत्रो.”

इथे मी टोपी मागे सारून तोंड दाखवायला हवं होतं. हात वर गेलाही होता. पण ‘धनी तसो’ म्हणजे कसा, हे ऐकायची दुर्बुद्धी झाली.

“रिटायर होवन मुंबयसून इलो. इलो तो थंयची घमेंड घेवन इलो. पुस्तकात बघून शेती करता. पुस्तकात! पडवळीक काय पुस्तकात कळता?” आबांनी छत्री सावरली. “मिरग सुरू होवच्या आधी बियो टोपल्यात रुजत घालता, तारीख लिवता. पोरांच्या बारशाची तारीख कोण लिवणा नाय, ह्यो पडवळीची लिवता.”

तारीख मी लिहितो हे खरं आहे. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

“ग्येल्या वर्सा माका एक पडवळ दिल्यान. एक! आणि तां पण वाकडा. कोयत्यासारखा. आमची म्हातारी म्हणाली, ह्या चिरूचा की ह्येणा नारळ फोडूचे?”

आता मात्र मला बोलायलाच हवं होतं. गेल्या वर्षी एकूण सात पडवळं धरली. पाच माकडांनी नेली. नेली म्हणजे खाल्ली असं नाही, एकेक घास घेऊन फेकली. उरली दोन. एक माटवीला बांधलं, एक आबांना दिलं. माझ्या घरात पडवळाची भाजी झाली नाही, आणि त्यांना मी ते पिशवीत घालून, वर पाच सुपाऱ्या ठेवून, स्वतः नेऊन दिलं होतं. टोकाला धोंडा बांधला होता, तो मध्येच सुटला, म्हणून शेवटी जरा वळलेलं होतं. जरा! कोयता म्हणे.

“आणि ही माकडा,” आबा आता रंगात आले होते, “पयली वाडीत माकडा होती? ह्येच्याच परड्यात खावक गावता म्हणान येतत.”

हे ऐकून मात्र मला पावसातही घाम फुटला. आमच्या वाडीत अकरा घरं. त्यातल्या नऊ घरांनी परड्यात काही लावायचंच सोडलंय. शहाळी कोवळी असतानाच खाली येतात, पपई पिकलेली कुणी बघितली नाही, फणसाला भोकं. मी तक्रार घेऊन एका कार्यालयात दोनदा गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा एका तरुण मुलाने वही उघडून विचारलं, “नुकसान किती?” मी म्हटलं, पाच पडवळं. त्याने पेन खाली ठेवलं. “काका, पाच पडवळांचा पंचनामा होत नाही.” म्हणजे पंचनामा हवा असेल तर आधी माकडांच्या तावडीतून पन्नास पिकवून दाखवायची. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे भेंडीसुद्धा कोल्हापूर-बेळगावहून घाट उतरून येते, आणि आम्ही बाजारात टेम्पोभोवती पिशव्या घेऊन उभे. याला कोण जबाबदार? तर मी. कारण मी अजून लावतो.

“पिंट्या, हय ये,” आबा म्हणाले.

आणि पिंट्या गेला. भुंकणं अर्ध्यात टाकून, शेपटी हलवत, माझ्याकडे वळूनही न बघता. आबांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याच्यापुढे टाकलं. वासावरून कळलं: सुका बांगडा. सध्या मासेमारी बंद, ताजं काही नाही, तर सुक्याची टकली, म्हणजे डोकी.

“बघलास? माजा ऐकता. धन्याचा नाय ऐकत. थंय तेका दूध-भाकरी घालतत. कुत्र्याक दूध-भाकरी!”

तर ही कथा होती. महिनाभर पिंट्या दूध-भाकरीला तोंड लावत नव्हता म्हणून मी त्याला तालुक्याला डॉक्टरकडे नेऊन आणलं, पोटाचं औषध आणलं, दोनशे ऐंशी रुपये घातले.

“उतरा आता,” आबांनी बॅटरी माझ्या हातावर मारली. “आणि ह्या हातात काय? फूल?”

यावर खरं उत्तर देणं आता शक्य नव्हतं. पाच मिनिटं माझी निंदा गप्प ऐकून घेतल्यावर ‘आबा, तो वाकडा पडवळवाला मीच’ असं कुठल्या तोंडाने सांगणार? मी आवाज जाड केला.

“लाइन बघतो,” म्हणालो.

“बघा, बघा. बाजूवाल्याच्या आधी आमची जोडा. तेका घाई नाय, तो पुस्तक वाचता.”

मी उतरलो आणि वायरमन जसा जाईल तसा, माझ्या घराकडे पाठ करून, बेड्यातून, म्हणजे फाटकातून, बाहेर पडून रस्त्याला लागलो. आबा बॅटरीने मला वाट दाखवत होते, त्यामुळे मागे फिरायची सोय नव्हती. वहाळापर्यंत गेलो, सातेरीच्या देवळामागून वर चढलो, आणि अख्ख्या वाडीला वळसा घालून पुढच्या दाराने स्वतःच्या घरात शिरलो. मूठ उघडली तर फुलाचा चोथा. रेनकोटात पाणी शिरतं, हेही तेव्हाच कळलं.

“झाल्या गप्पा?” ही देवाजवळच्या समईच्या उजेडात तांदूळ निवडत होती. “तुम्ही आणि आबा बराच वेळ बोलत होतात ना? मी म्हटलं, चला, बोलणं तरी सुरू झालं.”

काल सकाळी मी माटवाखाली गेलो. तिन्ही मादी फुलांचे बोळे. गडग्यावर आबा टेकलेले, पायाशी पिंट्या.

“राती वायरमन इललो,” आबा म्हणाले.

“हो का?”

“पिवन. तुझ्या गडग्यार उभो, हातात फूल. कामाचा नाव नाय. लायन बघतंय म्हणान गेलो तो गेलो.” एव्हाना हे वाडीभर झालेलं होतं. दुधाच्या पोराने मला तेच सांगितलं होतं, त्याच्या गोष्टीत वायरमन गातही होता. “आणि तुका नावा ठेवी होतो.”

“मला?”

“कंजूष म्हणालो. घमेंडखोर म्हणालो. मी गप नाय रवलंय हां! म्हटलंय, माणूस चांगलो आसा. ग्येल्या वर्सा माका पडवळ दिल्यान.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. एक डोळा स्वच्छ, एक डोळा दुधाळ. दोन्हींत काही सापडलं नाही.

“ह्या वर्सा किती धरली?”

“एकही नाही.”

“धरतली. धोंडो मात्र वायच घट बांध.” आबा काठी टेकत निघाले. पिंट्या त्यांच्या मागून गेला.

लाइट अजून आलेली नाही.