गावच्या मशिदीत एतिकाफला कोण बसणार?

रमजान अर्ध्यावर आला की विदर्भातल्या लहान गावांमधून परदेशी गेलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक विनंती फिरू लागते. गावात यंदाही एतिकाफला (रमजानचे शेवटचे दहा दिवस मशिदीतच राहून करायच्या उपासनेला) बसायला कोणी तयार नाही, बाहेरून एक माणूस आणून बसवायचाय, दहा दिवसांचं जेवणखाण आणि उठताना हातावर ठेवायला काही रक्कम लागेल, जमेल तेवढं पाठवा. मग इंग्लंडमधलं लेस्टर, दुबई, मस्कत, दोहा, जिथे जिथे गावचा माणूस आहे तिथून पैसे जातात. पाठवणाऱ्याला वाटतं, गावाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. या कामासाठी पैसे पाठवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. गावाला पैसा लागतो, पण तो वेगळ्या ठिकाणी लागतो.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रमजानच्या २० व्या रोजाचा सूर्य मावळायच्या आत माणूस नियत (संकल्प) करून मशिदीत शिरतो आणि ईदचा चांद ठरेपर्यंत तिथेच राहतो. झोपणं, जेवणं, नमाज, कुरआनचं वाचन, सगळं आतच. सूर्य मावळल्यावर दोन मिनिटांनी शिरला तरी तो सुन्नत (पैगंबर साहेबांच्या रीतीचा) एतिकाफ धरला जात नाही, नफल (ऐच्छिक) होतो. कुरआनात दुसऱ्या सूऱ्याच्या १८७ व्या आयतीत याचा उल्लेख आहे. पैगंबर साहेब दर रमजानला शेवटचे दहा दिवस बसत, आणि वफातीच्या (निधनाच्या) वर्षी वीस दिवस बसले, असं बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. २१, २३, २५, २७, २९ या विषम रात्रींमध्ये शबे-कद्र (सर्वांत मोलाची रात्र) शोधावी, हा त्यामागचा मोठा हेतू.

आपल्याकडे बहुतेक सगळे हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांचा पंथ मानणारे. हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) हा एतिकाफ सुन्नते-मुअक्कदा किफाया आहे. म्हणजे मोहल्ल्यातून एक जण बसला तरी सगळ्यांवरची जबाबदारी उतरते, आणि कोणीच बसलं नाही तर सगळे जबाबदार धरले जातात. पंधरा-वीस घरांच्या वस्तीत दरवर्षी जी धावपळ होते ती यामुळे. आता बाहेरगावचा माणूस आपल्या मर्जीने येऊन बसला तर वस्तीची जबाबदारी उतरते, त्यात वाद नाही. अडचण आहे ती मजुरी ठरवण्यात. इमामत (नमाज पढवणं), अजान आणि कुरआन शिकवणं यांच्या पगाराला नंतरच्या हनफी उलमांनी (धर्मपंडितांनी) गरज म्हणून परवानगी दिली, कारण त्याशिवाय मशिदी आणि मदरसे बंद पडले असते. एतिकाफ त्या यादीत नाही. दहा दिवसांचे इतके रुपये असं बोलून बसवलेला माणूस इबादत (उपासना) विकतोय आणि आपण ती विकत घेतोय. गरजू माणसाला या व्यवहारात ढकलण्यात आपला हात आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

गावाकडे यावर ठरलेलं उत्तर मिळतं: लोकांमध्ये दीनच (धर्मच) उरला नाही, पोरांना मोबाइल सुटत नाही. मला हे पटत नाही. एतिकाफला बसू शकणारा माणूस कोण असतो ते पाहा. रोजीवर जाणारा, ऑटो चालवणारा, बकऱ्यांचा बाजार करणारा, एकट्याने टेलरिंगचं दुकान चालवणारा. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चकडे सरकलाय, म्हणजे नेमका हरभरा सोंगायचा आणि गहू काढायचा हंगाम. दहा दिवस बसला तर दहा दिवसांची रोजी बुडाली. दर वर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०३० मध्ये तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल, तेव्हा कापसाच्या वेचणीशी गाठ पडेल. हंगाम टळेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. एक हंगाम सुटला की दुसरा येतोच.

दुसरं कारण जागेचं, आणि यावर कोणी बोलत नाही. गावच्या मशिदीत संडास नसतो, किंवा असला तरी त्याला दार धड नसतं. शरई (शरियतप्रमाणे धरलेल्या) मशिदीची हद्द कुठे संपते हे कमिटीतल्या कोणालाच नीट सांगता येत नाही. नमाजचा हॉल मशिदीत धरलेला असतो, तिथे शंका नसते. पण पुढचं शहाबादी फरशीचं सहन (अंगण), टिनाचा मांडव, वजूखाना (नमाजआधी हातपाय धुण्याची जागा), इमामसाहेबांची खोली, चपला काढायची पायरी, मदरशाची खोली? वजूखाना आणि संडास जवळपास कायम हद्दीबाहेर असतात. सहन आत धरलंय की नाही हे मशीद बांधताना काय ठरलं होतं यावर अवलंबून असतं. ते ठाऊक असणारे दोन म्हातारे हयात आहेत तोवर विचारून घ्यावं आणि नोंदवहीत लिहून ठेवावं. वरच्या मजल्याचीही एक खोच आहे. मजला मशिदीतच धरतात, पण जिना हद्दीबाहेरून चढत असेल तर उगाच वर गेलेल्याचा एतिकाफ तुटतो. यावर उपाय अगदी स्वस्त आहे: ऑइल पेंटचा लहान डबा आणणं आणि उंबऱ्याशी, सहनाच्या कडेला, जिन्याच्या पायथ्याशी दोन बोटं रुंद हिरवी पट्टी ओढणं.

कारण एतिकाफ मोडतो तो बहुतेक वेळा या पट्टीपाशी, बेसावधपणे. इमाम अबू हनीफांच्या मते गरजेशिवाय क्षणभरही बाहेर पाऊल पडलं की तुटला. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी अर्ध्या दिवसापर्यंत सवलत दिली आहे, पण फतवा सहसा इमामांच्या मतावर देतात. विसरून बाहेर पडलं तरी तुटतो. लघवी-शौच, वजू, फर्ज गुस्ल (सक्तीची आंघोळ), अजान देणं, आणि त्या मशिदीत जुमा (शुक्रवारची सामूहिक नमाज) होत नसेल तर जुम्याची नमाज, एवढी बाहेर पडण्याची कारणं. संडासात दुसरं कोणी असेल तर तिथे थांबता येतं. काम उरकल्यावर मात्र वजूखान्याच्या ओट्यावर बसून गप्पा मारता येत नाहीत. वाटेत सलाम करावा, पण चालता चालता. मशिदीला संडास नसेल तर घरी जाता येतं, पण घरी चहा घ्यायला टेकलं की संपलं. डबा आणणारं कोणी नसेल तर तो स्वतः जाऊन आणता येतो, लगेच परत यायच्या अटीवर.

गावात चुका होतात त्या अशा: खिडकीबाहेरच्या कूलरमध्ये पाणी टाकायला जाणं. लाइट आली म्हणून मोटार चालू करायला धावणं. तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजनंतर) खर्र्यासाठी (सुपारी-तंबाखूसाठी) टपरीपर्यंत जाऊन येणं. यातलं एकही काम शरई गरजेत बसत नाही. कूलरचं पाणी आणि मोटार ही कामं आधीच दुसऱ्याच्या नावावर टाकावीत, आणि ज्याला खर्र्याची सवय आहे त्याने शाबान या रमजानआधीच्या महिन्यापासूनच ती उतरवत आणावी. अचानक सोडली की डोकं धरतं, चिडचिड होते आणि तिसऱ्या रात्री माणूस उठून जातो. आंघोळीचा प्रश्न उन्हाळ्यात पेटतो. २०१९ चा शेवटचा अशरा (दहा दिवसांचा टप्पा) २६ मेच्या संध्याकाळी लागला, ऐन नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. केवळ थंडाव्यासाठी आंघोळीला वेगळं बाहेर पडता येत नाही. शौचाहून परतताना वजूबरोबर झटपट दोन तांबे अंगावर घ्यायला बरेच मुफ्ती हरकत घेत नाहीत.

जनाजा (अंत्ययात्रा) हा लहान वस्तीतला सगळ्यात अवघड प्रसंग. एतिकाफला बसलेला माणूस जनाजाच्या नमाजला बाहेर गेला तर हनफी मताप्रमाणे सुन्नत एतिकाफ तुटतो. पण पंधरा घरांत नमाज पढवणारा तोच एकटा असेल तर त्याने जावं. एतिकाफ तुटेल, गुन्हा लागणार नाही, नंतर एका दिवसाची कजा करावी. कजा म्हणजे एका सूर्यास्ताआधी शिरायचं, दुसऱ्या दिवशी रोजा धरायचा आणि त्या संध्याकाळी उठायचं. एतिकाफ तुटल्यावर दहाही दिवस वाया गेले असं समजून लोक घरी निघून जातात, तसं करू नये. नफलच्या नियतीने उरलेले दिवस बसून राहता येतं.

इथे लेस्टरला चित्र उलटं आहे. मोठ्या मशिदींत बसायला इतके जण असतात की रमजानआधीच अर्ज भरून घेतात. अर्जात आजार, औषधं, तातडीचा फोन नंबर, वय विचारतात. अठराच्या आतला असेल तर पालकांची सही लागते. आग लागल्यास किती माणसं बाहेर काढता येतील यावरून संख्या ठरते. हद्दीच्या दारांवर पट्ट्या चिकटवलेल्या असतात. मोबाइल कुठे आणि केव्हा वापरायचा तेही लिहिलेलं असतं. हे सगळं आपल्या गावांनी जसंच्या तसं उचलावं, त्याला खर्च येत नाही. एका पानाचा अर्ज आणि भिंतीवर एक कागद. बारा-तेरा वर्षांची पोरं रात्रभर मशिदीत असतात आणि त्यांच्याकडे पाहायला एकही जबाबदार माणूस नसतो, हे तर आजच थांबलं पाहिजे.

पण इथलं सगळंच उचलण्यासारखं नाही. तीस-चाळीस जण एकत्र आले की गोंगाट होतो, इफ्तारचं ताट वाढत जातं, एकांत उरत नाही. नोकरदाराला कायद्याने वर्षाला २८ दिवसांची पगारी रजा असते, त्यात सार्वजनिक सुट्ट्याही मोजतात. दहा दिवसांत त्यातला बराच वाटा जातो. ज्याला ताशी काम मिळतं त्याचे पैसे बुडतात, गावच्या मजुरासारखेच. २०१६ साली शेवटचा अशरा जूनअखेरीस आला, तेव्हा सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळायचा आणि इफ्तार, इशा, तरावीह उरकेपर्यंत सहरीची वेळ व्हायची. रात्रीच्या इबादतीला रात्रच नव्हती. विदर्भात भर उन्हाळ्यातही सातच्या सुमारास इफ्तार होतो आणि मध्ये चांगली लांब रात्र मिळते. शिवाय सगळ्यांच्या वतीने एक जण बसतो ही जाणीव गावात जिवंत आहे. इथे जो तो आपल्यासाठी बसतो. गावाची ही श्रीमंती भाड्याचा माणूस आणून घालवू नये.

बायकांच्या एतिकाफवर गावाकडे बोलणंच होत नाही. हनफी मताप्रमाणे बाईने घरात नमाजसाठी ठरवलेल्या जागी बसावं. शाफई, मालिकी आणि हंबली मतांत मशीदच लागते. दोन खोल्यांच्या घरात एक कोपरा आधी ठरवून घ्यावा लागतो आणि मग तो सोडता येत नाही, स्वयंपाकासाठीसुद्धा नाही. पाळी आली तर एतिकाफ सुटतो, त्या दिवसाची कजा करावी लागते. खरी अडचण चुलीची आहे. दहा दिवस सहरीच्या भाकरी नवऱ्याने किंवा मुलांनी थापायच्या, पाणी भरायचं, ढोरांचं पाहायचं. एवढं करायला घर तयार नसेल तर तिला परवानगी आहे असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

आता पैशाचं. जकातीचा (सक्तीच्या धर्मदानाचा) पैसा मशिदीच्या बांधकामाला लावता येत नाही, तो हकदार माणसाच्या मालकीचा करावा लागतो. म्हणून संडास, वजूखाना, इन्व्हर्टर यासाठी पाठवायचा पैसा लिल्लाहचा (अल्लाहसाठी दिलेल्या ऐच्छिक दानाचा) असावा आणि पाठवताना तसं स्पष्ट लिहावं. गावात बसणाऱ्या मजुराच्या गरजा सोडून ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी मालमत्ता त्याच्याकडे नसेल तर तो जकातीचा हकदार आहे. त्याला जकात द्यावी, पण गरीब म्हणून. बसण्याच्या बदल्यात दिली तर जकातही अदा होत नाही. सरळ मार्ग हा की रमजानच्या सुरुवातीलाच त्याच्या घरी पोचवावी आणि एतिकाफचा विषयच काढू नये. डबा गावाने वाटून घ्यावा. हरिनाम सप्ताहात शेजारची आळी घरोघर पंगत वाटून घेते, तशी दहा घरांवर दहा दिवसांची सहरी-इफ्तारी सहज बसते. त्याच्या वाट्याचा हरभरा दोन भावकीतल्यांनी सोंगून द्यावा. एवढं झालं तर बसणारा गावातच सापडेल, याची मला खात्री आहे.

आणि परदेशातल्यांनी शेवटच्या संध्याकाळी गावच्या मशिदीत फोन करून ईदच्या मुबारकबादी देऊ नयेत. आखातात आणि इथल्या बऱ्याच मशिदींत ईद बहुधा भारताच्या एक दिवस आधी होते. आपला फोन ऐकून कोणी २९ व्या रोजालाच गाठोडं बांधून उठला तर त्याचा एतिकाफ तुटेल. उठायचं ते आपल्याकडच्या हिलाल कमिटीने (चांद जाहीर करणाऱ्या समितीने) चांदाची गवाही मान्य केल्यावर. त्यानंतर लगेच निघालं तरी चालतं. ईदची रात्र तिथेच काढून सकाळी मशिदीतूनच ईदगाहला जाणं अधिक चांगलं मानलं आहे.