फायबर टाकले म्हणून बीममधल्या सळ्या काढता येत नाहीत

कराडला घर बांधणाऱ्या माझ्या मावसभावाने परवा एक फिरता संदेश मला पाठवला आणि ‘रिंगा बांधायच्या थांबवू का?’ असे विचारले. काँक्रीटच्या घनमीटरला 30 किलो स्टील फायबर (पोलादी तारेचे बारीक तुकडे) टाकले की बीमला सळ्या लागत नाहीत, रिंगा (सळ्यांभोवती बांधायचे चौकोनी वेढे) तर अमेरिकेने केव्हाच रद्द केल्या, काँक्रीटची ताकद दुप्पट होते आणि फायबर कधीच गंजत नाही, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. लिहिणाऱ्याने एकदा तरी कागदावर हिशेब मांडायला हवा होता.

230 × 450 मिमीच्या बीमच्या एका मीटर लांबीत या प्रमाणाने सुमारे 3.1 किलो फायबर पडते, आणि 16 मिमीच्या दोन सळ्यांचे मीटरभराचे वजनही जवळपास तेवढेच भरते. पण सळ्या ताण येतो तिथेच, बीमच्या लांबीच्या दिशेने असतात. फायबर मात्र संपूर्ण छेदात वाटेल त्या दिशांना विखुरते आणि त्यातले बरेचसे दाबाच्या भागात किंवा तड्याला समांतर पडून वाया जाते. सळई कॉलममध्ये खोलवर पकड घेते, तर फायबरची पकड तड्याच्या एका बाजूला फार तर अडीच-तीन सेंटिमीटर असल्याने तडा रुंदावला की ते उपसून निघते. म्हणून एवढ्या कमी मात्रेत, सळ्यांशिवाय, पहिल्या तड्यानंतर बीमची क्षमता वाढत नाही, घटत जाते. घराचे छप्पर ज्यावर उभे राहायचे, त्या बीमबद्दल हा सल्ला जिवावर बेतणारा आहे.

रिंगांच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. रिंगा ज्यांना रोखतात त्या तिरक्या तड्यांना फायबरही खरोखर रोखते, आणि अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या 318 क्रमांकाच्या संहितेने 2008 मध्ये किमान रिंगांऐवजी फायबरला परवानगीही दिली. परंतु घनमीटरला किमान 60 किलो, बीमची खोली 600 मिमीपर्यंत, काँक्रीटची ताकद 40 मेगापास्कलपर्यंत, कातरबल (बीमला तिरके चिरू पाहणारे बल) काँक्रीटला एकट्याला पेलेल इतकेच, आणि तड्यानंतरची ताकद चाचणीने सिद्ध केलेली, अशा अटींवर. मुख्य सळ्यांना ती सवलत लागूच नाही. आपल्याकडे आयएस 456 ही काँक्रीटची भारतीय संहिता किमान रिंगा मागते.

दुप्पट ताकदीचे म्हणणे चुकीचे आहे. क्यूबची (चाचणीसाठी दाबून फोडायच्या काँक्रीटच्या ठोकळ्याची) ताकद फारशी बदलत नाही, वाढतो तो चिवटपणा. पृष्ठभागावरचे फायबर गंजून डाग पडतात, मात्र त्याने बीमला धोका नसतो.

भावाला कळवले आहे: रिंगा राहतील, आणि कोयनेचा भूकंप सोसलेल्या भागात आयएस 13920 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय संहितेप्रमाणे कॉलमजवळ त्यांचे अंतर बीमच्या परिणामी खोलीच्या (दाबाच्या कडेपासून ताणाच्या सळ्यांपर्यंतच्या) चौथ्या भागाहून जास्त नको, रिंगांच्या टोकांचे हूक 135 अंशांचे. फायबर हवेच असेल तर पार्किंगच्या जमिनीवरच्या काँक्रीटमध्ये टाक.