आम्ही अजाइल आहोत, तारीख बदलणार नाही

सकाळच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर टीमच्या रोज उभ्याने होणाऱ्या बैठकीत, ज्यांना सुरुवातीलाच बोलायला मिळतं ती माणसं नशीबवान. "काल लॉगिनचं काम केलं, आज लॉगिनचंच करणार, अडचण काही नाही," एवढं म्हटलं की सुटली. पुढे नुसती मान डोलवत उभं राहायचं. माझी जागा अर्धवर्तुळाच्या पार दुसऱ्या टोकाला. माझी पाळी येईस्तोवर मॅनेजर सरांनी डेटाबेसवाल्याची उलटतपासणी घेतलेली असते, टेस्टर मॅडम आणि डिझायनर यांचं एका बटणाच्या रंगावरून वाजलेलं असतं आणि आपण काल नेमकं काय केलं, हे मी साफ विसरलेलो असतो. "काही अडचण?" या प्रश्नाला "पाय दुखताहेत" हे उत्तर चालत नाही. त्याचं तिकीट, म्हणजे कामांच्या यादीतली नोंद, बनवता येत नाही म्हणे.

उभ्याने बोलणारा माणूस थोडक्यात आटपतो, हा यामागचा सिद्धांत. तो मांडणाऱ्याने आमचे सर बघितलेले नाहीत. सर उभ्याने पाऊण तास बोलू शकतात आणि त्यातली चाळीस मिनिटं ती बैठक पंधरा मिनिटांत का संपत नाही यावर असतात.

ही बैठक स्क्रममधली. अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत बनवायची पद्धत, आणि स्क्रम ही तिची एक रीत. असाच एकदा वैतागून मी स्क्रम गाइड उघडलं. ज्या केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ साली स्क्रम लोकांपुढे मांडलं, त्यांनीच लिहिलेलं. २०२०ची आवृत्ती पंधरा पानांच्या आत संपते. रोजची बैठक पंधरा मिनिटांची, हे त्यात आहे. उभं राहा असं कुठेही नाही! बैठक डेव्हलपरांनी डेव्हलपरांसाठी घ्यायची, दिवसभराची जुळवाजुळव करायला. साहेबापुढे हजेरी लावायला नव्हे. 'काल काय, आज काय, अडचण काय' या तीन प्रश्नांनाही २०२०च्या आवृत्तीत नारळ मिळालाय. हे मी सरांना दाखवलं. त्यांनी मन लावून वाचलं. म्हणाले, "छान आहे. उद्या स्टँड-अपला यावर पंधरा मिनिटं बोल."

मग मी मुळातच गेलो. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फावर घसरायच्या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. मूल्यं चार, तत्त्वं बारा. सतरा सॉफ्टवेअरवाले एका खोलीत बसतात आणि चार वाक्यांवर सगळ्यांचं एकमत होतं, ही मला त्यातली सर्वांत अविश्वसनीय गोष्ट वाटते. आमच्याकडे व्हेरिएबलच्या नावावरून दोन माणसं एकमेकांशी बोलायची थांबली आहेत.

त्या चार वाक्यांपैकी एक असं, की भारंभार कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. खाली लगेच खुलासा आहे, की उजवीकडच्या (म्हणजे कागदपत्रांसारख्या) गोष्टींनाही किंमत आहे, फक्त डावीकडच्यांना (म्हणजे चालत्या सॉफ्टवेअरसारख्यांना) ती जास्त देतो. आमच्या ऑफिसने डावी बाजू वाचली आणि तिथेच वाचन थांबवलं. त्यामुळे पैसे वळते करणारा जो सगळ्यांत नाजूक भाग, त्याचं समग्र दस्तऐवजीकरण म्हणजे कोडमधली एक ओळ: 'याला हात लावू नये.' का, ते लिहिलेलं नाही. लिहिणारा नोकरी सोडून गेलाय. आम्ही सगळे तिला वळसा घालून जातो. चालतं सॉफ्टवेअर आहे खरं. कशामुळे चालतं ते कोणाला ठाऊक नाही.

बदलाचं स्वागत करा, तो उशिरा आला तरी, असंही एक तत्त्व आहे. हे मात्र आमच्या प्रॉडक्ट ओनर मॅडमना, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणाऱ्या बाईंना, तोंडपाठ. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, संपायच्या आदल्या संध्याकाळी त्या येतात आणि "अगदी छोटासा बदल आहे" म्हणतात. खरं तर स्प्रिंटचं उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल मधेच करायचा नाही, असं गाइड सांगतं. पण आमच्या स्प्रिंटचं उद्दिष्ट 'राहिलेलं सगळं' असं लिहिलेलं असल्यामुळे ते धोक्यात आणणं अवघड आहे. मी सरांना विचारलं, काम वाढलं, तर तारीख पुढे जाईल ना? सर म्हणाले, "अरे, आपण अजाइल आहोत, तारीख बदलणार नाही." मग एखादं फीचर कमी करू? तेही ठरलेलं आहे. माणसं वाढवू? बजेट ठरलेलं आहे. लवचीक होण्यासाठी शेवटी आमचे रविवारच तेवढे उरले. बारा तत्त्वांत एक असंही आहे, की कामाचा वेग असा हवा जो सगळ्यांना कायम झेपेल. ते आमच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये आहे. त्याच्यापुढे प्रिंटर ठेवलाय.

पण खरी करमणूक पॉइंटांची. कामाला किती दिवस लागतील हे माणसाला नीट सांगता येत नाही, पण हे काम त्या कामापेक्षा मोठं की लहान, एवढं बरं सांगता येतं. त्यावरून स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाचा आकार सांगणारे आकडे, आले. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली त्यासाठी प्लॅनिंग पोकर काढला: सगळ्यांनी आपापल्या आकड्याचा पत्ता लपवून एकदम दाखवायचा, म्हणजे कोणी दुसऱ्याच्या आकड्याकडे बघून बोलत नाही. आकडे एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असे. मोठ्या कामाचा अंदाज मोघमच असतो, म्हणून मधली अंतरं वाढत जातात. कल्पना फारच सुरेख. आमच्याकडे पत्ते उघडायच्या आधी सर नुसतं "सोपं आहे हे" म्हणतात आणि सातही पत्ते दोनचे निघतात.

शिवाय सरांच्या हिशेबात एक पॉइंट म्हणजे एक दिवस. मग सरळ दिवसच का लिहीत नाही, असं एका नव्या मुलीने विचारलं. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले. असा प्रश्न आपणही कधीकाळी विचारला असता, असा भाव होता प्रत्येकाच्या तोंडावर. स्क्रम गाइडमध्ये पॉइंटांचा उल्लेखसुद्धा नाही. जाहीरनामा लिहिणाऱ्या त्या सतरांपैकी रॉन जेफ्रीज यांनी तर, स्टोरी पॉइंट बहुधा आपणच काढले आणि काढले असतील तर आता वाईट वाटतं, असं लिहून ठेवलंय.

मागच्या तिमाहीत वरून आदेश आला, टीमची व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये संपणारे पॉइंट, वाढवा. आम्ही वाढवली. तीनचं काम पाचाचं म्हणायला लागलो, पाचाचं आठाचं. काम तेवढंच, तेच, त्याच गतीने. आलेख मात्र असा काही चढला, की सरांनी तो वरिष्ठांना दाखवला आणि शेजारच्या टीमला आमचा आदर्श ठेवायला सांगितलं. ती टीम हुशार निघाली. त्यांनी एकाच आठवड्यात आदर्श ठेवून आम्हाला मागे टाकलं.

या यशानंतर संपूर्ण कंपनी अजाइल करायचं ठरलं. सरांनी स्लाइड दाखवली: पायऱ्या पायऱ्यांचा जिना, आधी अभ्यास, मग आराखडा, मग प्रशिक्षण, मग अंमलबजावणी, मग तपासणी. एक पायरी संपल्याशिवाय पुढची सुरू नाही. विन्स्टन रॉइस यांच्या सॉफ्टवेअर बनवण्यावरच्या १९७०च्या निबंधात जवळपास हेच चित्र आहे. लोक त्यालाच वॉटरफॉल म्हणू लागले. रॉइस यांनी स्वतः मात्र, हे असंच्या असं राबवणं धोक्याचं आहे, असं खालीच लिहिलं होतं. इथेही लोकांनी चित्र तेवढं घेतलं. "वॉटरफॉल आपण कायमचा सोडतोय," सर म्हणाले, आणि सर्वांत वरच्या पायरीवर लेसरचा ठिपका नेला. तिथे लिहिलं होतं: 'अजाइल पूर्ण'. बाजूला तारीख. तारीख बदलणार नव्हती.

स्क्रम गाइड वाचलेला एकमेव माणूस म्हणून त्यातलं एक तिकीट माझ्या नावावर पडलं. शीर्षक: 'सर्व कर्मचाऱ्यांची मानसिकता बदलणे.' तेरा द्यावेत की एकवीस, या विचारात मी पत्ते चाळत होतो.

"सोपं आहे हे," सर म्हणाले.

मी दोनचा पत्ता टाकला.