भरीत पार्टीला वाऱ्याला कोणी बोलावलं?

थंडी पडली, की आमच्या खान्देशात घरात बसून जेवणं कमीपणाचं वाटायला लागतं. कोणी हतनूर धरणावर निघतं, कोणी वाघूरला, रावेरकडचे पालला, चाळीसगावचे पाटणादेवीला. निसर्ग वगैरे नंतर. आधी सवाल एकच, 'भरीत करता येईल ना?'

आणि पहिली मेख इथंच आहे. पालच्या भोवती यावल अभयारण्य, पाटणादेवी गौताळ्यात. अभयारण्यात आग लावायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंच बंदी आहे. 'साहेब, इवलासा जाळ' ही विनवणी तिथं चालत नाही, चालूही नये. सागाच्या वाळक्या पानांना ठिणगी पुरते. तिकडे भरीत घरून डब्यातच न्यावं. चूल मांडायचीच असेल, तर धरणाकाठी ओळखीच्या माणसाचं शेत हवं, आणि तो माणूस सोबत जेवायला हवा.

वीस जणांना सहा किलो वांगी असा आमचा हिशेब. तरी आठ घ्यावीत. भाजल्यावर पाणी आणि साल जाऊन ऐवज निम्म्यावर येतो, आणि 'मला वांगं चालत नाही' म्हणणारा पाव्हणाच आधी ताट पुढे करतो. वांगं मोठं, हिरवट-पांढरं आणि हाताला हलकं बघावं. जड लागलं तर आत बिया. तेलाचा हात फिरवून दोन-तीन ठिकाणी टोचावं. नाही टोचलं तर आत वाफ कोंडते आणि वांगं चुलीवर फटाक्यासारखं फुटतं. जाळायला तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्या. त्या भडकन पेटतात आणि तेवढ्याच झटकन संपतात, म्हणून काड्यांची मोळी नेहमी कमीच पडते.

आता वारा. दुपारी तो बहुतेक पाण्याकडून येतो. सगळ्यांना मात्र चूल पाण्याजवळ आणि सतरंजी मागे झाडाखाली हवी असते, म्हणजे धूर थेट पंगतीत. चूल उलट्या अंगाला न्यायची आणि तीन बाजूंनी दगड लावायचे, एवढं साधं आहे. पण तिथं मी धरून प्रत्येक जण चुलीतला तज्ज्ञ. 'अरे भो, जाळ बारीक कर ना!' 'बारीक कशाला, कच्चं राहील!' या वादात वाऱ्याकडची बाजू कच्ची राहते आणि दुसरी कोळसा होते. दर दोन-तीन मिनिटांनी फिरवणारा एक मुका माणूस मिळाला, तर भरीत झालंच समजा.

साल गरम असतानाच काढायची. बोटं भाजतात म्हणून कोणीतरी वांगं धरणाच्या पाण्यात बुचकळतो. साल निघते, पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो धुराचा वासही वाहून जातो. मग भाजलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल सढळ हातानं. टोमॅटो घालणाऱ्याशी मी बोलत नाही.

सतरंजी टाकण्याआधी मात्र मान वर करावी. फांदीला किंवा कड्याला आग्या मोहोळ लटकत असेल, तर जागा सोडावी. धूर आणि उग्र अत्तर त्या माशांना खपत नाही. वानरांचं निराळं. त्यांना भरीत नको, पुऱ्या हव्यात, आणि प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ त्यांना लांबूनही कळते. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. डब्यावर वजनदार मावशी बसवता आल्या तर उत्तम.

फोटोवाल्यांना पाण्याच्या कडेला सोडू नये. पाणी ओसरलेल्या जागी वरून गाळ भेगाळलेला, कोरडा दिसतो आणि खाली लोण्यासारखा चिखल असतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो. वर येतो तेव्हा चप्पल नसते.

शेवटी निखारे. माती टाकून भागत नाही, खाली धुगधुगी राहते. पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं, राख हाताला गार लागली की उठायचं. शेवटचा जार रिकामा होऊन राख गार होते, नेमकं तेव्हाच मागून येतं, 'भो, जाळ आहे तोवर चहा टाकू ना?'