'पाळत' या शब्दाबद्दल

नमस्कार. मुलाचा स्किझोफ्रेनिया आणि आम्हा दोघांची गेली आठ वर्षं यावर मी जे लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना हात थरथरत होते, ते लपवत नाही.

आधी माझी चूक. एके ठिकाणी मी 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' असं लिहून गेले. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ साली स्किझोफ्रेनिया हा शब्द आणला, तो विचार आणि भावना यांची एकमेकांपासून होणारी फारकत सांगायला. एका शरीरात दोन माणसं, असा त्याचा अर्थ नाही. वाक्य बदललं आहे. आभार.

आता तुमचं वाक्य: "घरात चोवीस तास पाळत आणि टोकणं असेल तर औषधं तरी काय करणार?"

पाळत चोरावर ठेवतात. संशयितावर ठेवतात. हा शब्द एका आईसाठी वापरताना तुमची बोटं क्षणभरही अडखळली नाहीत?

माझा मुलगा क्लोझापीन या औषधावर आहे. आधीची दोन औषधं लागू पडली नाहीत, तेव्हा हे सुरू झालं. पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना, हे बघायला पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त द्यावं लागलं. आणि हे औषध ४८ तासांहून जास्त चुकलं, तर पुन्हा नेहमीच्या डोसवर उडी मारता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पायरी पायरीने चढावं लागतं. तो ३५० वर आहे. म्हणून मी गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहते. म्हणून पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजते.

एकदा मी मोजणं सोडलं होतं. 'मोठा झालाय, घेईल त्याचं तो,' असं तुमच्यासारखंच कुणीतरी समजावलं म्हणून. झाडताना खिडकीच्या चौकटीच्या फटीत फिकट पिवळ्या गोळ्या सापडल्या, एकाला एक चिकटलेल्या. जिभेखाली धरून तो त्या तिथे सरकवत होता. त्याच रात्री तीन वाजता स्विचबोर्ड उघडून तो आत कुणी काय बसवलंय ते शोधत होता. मला म्हणाला, "तू आईच असशील तर सांग, मला टाके कुठे पडले होते?" मी म्हटलं, डाव्या भुवईवर. त्याने भुवईवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे त्यांनी तुला पढवलंय."

त्या रात्री तुम्ही तिथे नव्हतात.

टोकण्याबद्दलचं संशोधन मलाही माहीत आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दाखवलं की जिथे टीका, वैरभाव किंवा अति गुंतणं असतं, त्या घरी परतलेल्या रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटतो. मान्य. मी टोकते, हेही मान्य. दमलेलं माणूस टोकतंच. पण आजार उलटणं वेगळं आणि आजार होणं वेगळं. १९४८ मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी कल्पना मांडली आणि पुढची कितीतरी वर्षं आया स्वतःला गुन्हेगार समजत जगल्या. पुढे ती कल्पना टिकली नाही. तुम्ही तसं थेट म्हटलेलं नाही, हे तुम्ही सांगालच. मला मात्र तोच सूर ऐकू आला, आणि तो मी ओळखते: पहिल्या वर्षी एका डॉक्टरांनी मुलासमोरच मला विचारलं होतं, "लहानपणी वेळ दिलात का?"

तुम्हाला घरातलं कुणी सांभाळायचा अनुभव आहे की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तो आधी लिहायला हवा होता. नसेल तर एवढ्या ठामपणे बोलू नये, इतकंच माझं म्हणणं.

बाकीचे मुद्दे, म्हणजे लेखात मुलाची बाजू कुठे आहे, सुरुवातीला औषध त्याच्या नकळत दिलं ते योग्य होतं का, यावर आता लिहायची ताकद नाही. ते दिवस तसे होते.

आणि "त्याला विचारून लिहिता का?" हा तुमचा शेवटचा प्रश्न. तो माझ्या आणि माझ्या मुलामधला आहे. त्याचं उत्तर मी इथे देणार नाही.