४८ मिनिटं आणि तीन शिट्ट्या

माझी मागणी फार नव्हती. मला फक्त ४८ मिनिटं हवी होती. एवढ्या वेळात आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या सभेचं इतिवृत्तसुद्धा मंजूर होत नाही.

ही ४८ मिनिटं हवी होती नील यंग नावाच्या गायकासाठी. कॉलेजात असताना एका मित्राच्या भावानं त्याची कॅसेट भरून दिली होती. पुढे त्या कॅसेटची टेप इतक्या वेळा गुंतली आणि मी ती पेन्सिल घालून इतक्या वेळा सोडवली, की त्याचा आवाज मुळातच असा थरथरता आहे की आमच्या टेपरेकॉर्डरनं केलाय, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. आवाज मुळातच तसा आहे. उंच, बारीक, नाकातून येणारा, आता रडतो की मग, अशा बेताचा. टोरंटोत १९४५ साली जन्मलेला हा माणूस १९६६ पासून त्याच आवाजात गातोय आणि अजून रडलेला नाही.

तर २०२३ च्या उन्हाळ्यात, ७७ व्या वर्षी, तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एकटाच दौऱ्याला निघाला. बँड नाही, ड्रम्स नाहीत. गिटार, पियानो आणि गळ्यातल्या तारेच्या चौकटीत अडकवलेला माउथ ऑर्गन. (त्या चौकटीसकट त्याचा फोटो बघून आमची ही म्हणाली, "या वयात दातांना तारा?") आणखी एक वाद्य होतं, पण त्याच्यावरून पुढे आमच्या घरात जे झालं ते पुढेच सांगतो. या दौऱ्यातली तेरा गाणी घेऊन त्यानं डिसेंबरात 'बिफोर अँड आफ्टर' नावाचा ४८ मिनिटांचा अल्बम काढला आणि त्यात एक खोडी करून ठेवली. दोन गाण्यांमध्ये जागाच सोडली नाही. एक संपता संपता दुसरं सुरू. मध्ये गप्पा नाहीत, टाळ्या जवळजवळ नाहीतच. त्याचं म्हणणं असं, की हे सगळं मिळून एकच आहे, सलग ऐका, यातलं एखादं गाणं उचलून इकडेतिकडे लावू नका. म्हणजे पंगतीत बसलात की ताकभातापर्यंत उठायचं नाही.

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्यानं एवढी साधी अट घातली आहे, तर पाळू. डोंबिवलीच्या वन बीएचकेत पाच माणसं राहत असताना मी हे म्हटलं, यावरून माझा स्वभाव लक्षात यावा.

पहिली अडचण अल्बम मिळवण्यापासून. मुलगा म्हणाला, "बाबा, तो स्पॉटिफायवर नाहीये. भांडून गेलाय." खरंच गेला होता. जानेवारी २०२२ मध्ये, तिथल्या एका पॉडकास्टमधून लशींबद्दल खोटंनाटं पसरवलं जातंय म्हणून, त्यानं आपली गाणी काढून घेतली होती. पुढे मार्च २०२४ मध्ये परत आला. आमच्याकडे लग्नात रुसलेले मामा जेवायच्या वेळेपर्यंत परत येतात, यानं दोन वर्षं घेतली. शेवटी मुलानं कुठूनतरी रीतसर पैसे भरून तो माझ्या फोनवर उतरवून दिला आणि वर सल्ला दिला, "दीडच्या स्पीडनं लावा. बत्तीस मिनिटांत संपेल."

ज्या माणसानं एमपीथ्रीत गाण्याचा जीव जातो म्हणून वैतागून पोनो नावाचा पिवळा, तिकोनी, टॉब्लरोनच्या तुकड्यासारखा प्लेअर काढला आणि २०१४ साली त्यासाठी लोकांकडून साठ लाख डॉलरच्या वर वर्गणी जमवली, त्याला दीडच्या स्पीडनं ऐकायचं! मी मुलाकडे फक्त पाहिलं. मात्र माझ्या इयरफोनचा डावा कान पावसाळ्यापासून बंद होता, त्यामुळे फार वेळ पाहता आलं नाही.

पहिला प्रयोग रविवारी सकाळी केला. ही देवळात निघाली होती. जाताना म्हणाली, "कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." मी मान हलवली आणि इयरफोन घातले.

पहिलंच गाणं 'आय ॲम द ओशन'. १९९५ साली ते त्यानं पर्ल जॅम या रॉक बँडच्या पोरांना घेऊन वाजवलं होतं, तेव्हा नुसता गदारोळ होता, समुद्र सगळा भिंतींवर आपटत होता. इथे एकटी गिटार. तोच समुद्र, पण ओहोटीचा. कुठे काय पडलंय ते सगळं दिसतंय. मी डोळे मिटले. पाचव्या गाण्यापाशी मला फार छान, मातीसारखा वास यायला लागला. संगीत इतकं खोलवर जातं की त्याचा वास येतो, असा विचार मनात आलाही. मग डोळे उघडले. स्वयंपाकघरातून धूर येत होता.

तूरडाळ कुकरच्या तळाला अशी बसली होती, की ती काढायला पुढे दोन दिवस खायचा सोडा घालून भिजत ठेवावं लागलं. हिनं फक्त विचारलं, "किती झाल्या?" मला आकडा सांगता आला नाही.

त्या पाचव्या गाण्याचीही एक कथाच आहे. 'इफ यू गॉट लव्ह' हे गाणं १९८२ च्या 'ट्रान्स' या अल्बममध्ये यायचं होतं, ऐन वेळी गळालं आणि चाळीस वर्षांनी इथे आलं. 'ट्रान्स'मध्ये त्यानं आपला आवाज यंत्रातून काढून यंत्रमानवासारखा केला होता. त्यापाठोपाठ एक जुन्या रॉक अँड रोलचा अल्बम काढला. तेव्हा गेफन रेकॉर्ड्स या त्याच्याच रेकॉर्ड कंपनीनं १९८३ मध्ये त्याच्यावर दावाच लावला, की हा नील यंगसारखं गात नाही. नील यंगवर, नील यंगसारखा नसल्याचा दावा! आमच्या घरी मला दर रविवारी "तुम्ही पूर्वी असे नव्हतात" हे ऐकावं लागतं, पण प्रकरण अजून कोर्टात गेलेलं नाही.

दुसरा प्रयोग लोकलमध्ये. डोंबिवली ते दादर फास्टनं जवळपास तेवढाच वेळ लागतो, आणि त्या गर्दीत कोणी आपल्याला कुकर बंद करायला सांगत नाही, हा हिशेब. चौथी सीट मिळाली, म्हणजे एक मांडी मिळाली. गाणं लावलं. दिवा स्टेशनला गाडी थांबली आणि पलीकडच्या बाकावरच्या मंडळींनी पिशव्यांतून टाळ काढले.

मी चुकीच्या डब्यात चढलो होतो. भजनी मंडळाचा डबा.

आता विचार केला तर तक्रारीला जागा नाही. तेही लाइव्ह, तेही अकौस्टिक, फक्त सोलो नव्हतं. ढोलकीवाले काका बसायला जागा नसल्यानं उभ्यानंच वाजवत होते आणि प्रत्येक ठेक्याला त्यांचं कोपर माझ्या कानातला इयरफोन आणखी आत ढकलत होतं. माझ्या उजव्या कानात कॅलिफोर्निया, डाव्या बंद कानात पंढरपूर. ठाण्याच्या पुढे दोन्हींचा ठेका एक झाल्यासारखा वाटला आणि माझी मान डोलायला लागली. शेजारच्या बुवांना वाटलं, भजनाला डोलतोय. त्यांनी प्रेमानं विचारलं, "काय ऐकताय?" मी इयरफोन काढून त्यांच्या कानाला लावला. त्यांनी अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकलं, चेहरा गंभीर केला आणि इयरफोन परत देत हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

दादरला उतरलो तेव्हा माझ्या हातात टाळांचा एक जोड होता. तो परत करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच डब्यात चढावं लागलं.

तिसऱ्या प्रयोगासाठी मी चक्क रजा टाकली. त्याबद्दल थोडक्यात: दुसऱ्या गाण्यात कुरिअर (ओटीपी हिच्या फोनवर, ही ऑफिसात), चौथ्यात इस्त्रीवाला (तो म्हणे बारा कपडे, मी मोजले अकरा), सातव्यात वरच्या मजल्यावरच्या टाकीचं यंत्र बाईच्या आवाजात बोलायला लागलं, की पाण्याची टाकी भरली आहे, कृपया मोटर बंद करा. ते यंत्र तेच वाक्य न थकता, न थांबता, मध्ये जागा न सोडता म्हणत राहतं. मी खाली जाऊन मोटर बंद करून आलो. सेक्रेटरी दारात भेटले. "आज घरी? बरं नाही का?" रजेचं कारण मी त्यांना सांगितलं असतं, तर सभेत माझ्या नावानं ठराव झाला असता.

मग मी नाद सोडला. शनिवारी संध्याकाळी ही भिशीला गेली होती, मुलगा क्लासला, आई हिच्याबरोबर. घरात मी आणि अण्णा. अण्णा चौऱ्याऐंशीचे. कानातलं यंत्र टेबलावर काढून ठेवून शब्दकोडं सोडवत बसलेले. म्हणजे घर रिकामंच. मी इयरफोनला रामराम केला आणि स्पीकर लावला.

तेवीस मिनिटं काही झालं नाही. तेवीस मिनिटं! त्यानंतर अण्णांनी यंत्र कानात घातलं.

"तबला कुठाय?"

"तबला नाही अण्णा. एकटाच आहे."

"का? पैसे संपले?"

"मुद्दाम एकटा गातोय."

"मुद्दाम," अण्णा म्हणाले आणि तो शब्द बसतो का ते कोड्यात बघितल्यासारखे थांबले. "बालगंधर्वांच्या साथीला थिरकवा खाँसाहेब होते. मुद्दाम."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांच्या वडिलांनी गंधर्व नाटक मंडळी प्रत्यक्ष पाहिलेली. आमच्या घरात संगीताचं कॅलेंडर तिथेच थांबलंय.

"सर्दी झालीय का त्याला?"

"आवाजच तसा आहे."

"टाळ्या नाहीत. कोणी आलं नव्हतं वाटतं." मग जरा मऊ होऊन, "वय काय म्हणालास?"

"सत्त्याहत्तर होतं तेव्हा."

"मग लोकांनी यायला हवं होतं," असं म्हणून ते पुन्हा कोड्यात शिरले.

दहावं गाणं झालं. अकरावं, 'मिस्टर सोल', सुरू झालं. हे १९६७ चं, बफेलो स्प्रिंगफील्ड या त्याच्या पहिल्या गाजलेल्या बँडमधलं. तेव्हा ते इलेक्ट्रिक गिटारवर करकरत यायचं. इथे त्यानं ते त्या राहिलेल्या वाद्यावर घेतलंय. जाड, भरल्या गळ्याचा सूर खोलीत पसरला.

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हा ऑर्गन आहे."

"हो. पंप ऑर्गन म्हणतात."

"पंप काय, मोटर आहे का? पायपेटी म्हण." ते खुर्चीत सरसावून बसले. "पेटीला एक हात भात्यावर जातो. हिला भाता पायांनी. दोन्ही हात मोकळे. म्हणून तर नाटकात हीच लागायची, पडदा वर जायच्या आधी सूर असा थेटरभर…" आणि त्यांनी हातानं थेटर दाखवलं. त्यात आमचा टीव्ही, फ्रिज आणि कपाट सगळं मावलं. "ऐक. भात्याचा उसासा ऐकू येतोय. पाय आखडलेत त्याचे, पण सोडत नाहीये."

मला उसासा ऐकू आला नाही. मला दिसले ते अण्णांचे पाय. निळ्या स्लिपरांतले दोन्ही पाय फरशीवर आळीपाळीनं दाबले जात होते, टाच, चवडा, टाच, चवडा, डावा, उजवा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टनं हाच व्यायाम दिवसातून वीस वेळा सांगितला होता आणि अण्णांनी तो एकदाही केला नव्हता.

गाणं संपलं, म्हणजे पुढचं सुरू झालं. अण्णांनी हात वर केला.

"वन्स मोअर!"

"अण्णा, याला मागे न्यायचं नसतं. तो म्हणतो, सलग…"

"तो म्हणतो?" अण्णा उठून उभे राहिले. "अरे, स्टेजवर मरून पडलेला नट वन्स मोअर आला की उठून पद म्हणायचा आणि पुन्हा मरायचा. हा कोण लागून गेला!"

मी मागे नेलं. मग आणखी एकदा नेलं. तिसऱ्यांदा अण्णा स्वतःच सूर धरून गुणगुणायला लागले, कुठलंसं नाट्यपद, जे त्यात अजिबात बसत नव्हतं आणि त्यांनी ते बसवलं. दाराची बेल कधीची वाजत होती. ही बाहेर दहा मिनिटं उभी होती, हातात भिशीतून आणलेले ढोकळे.

शेवटची दोन गाणी राहिली ती राहिलीच. त्यातलं अगदी शेवटचं प्रेम विसरू नका असं सांगणारं आहे, हे मला त्याच्या नावावरूनच कळलंय.

रविवारी संध्याकाळी अण्णा आपणहून माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसले. यंत्र कानात, स्लिपरा पायात.

"लाव तो पायपेटीवाला."

"पहिल्यापासून लावतो. तशी अट आहे."

"लाव पहिल्यापासून," ते म्हणाले. "आज कोडं नाहीये."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "कुकर लावलाय हो! तीन झाल्या की बंद करा!"

मी उठायला लागलो, तर अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "शिट्ट्या मी मोजतो. तू बस."

पहिली शिट्टी झाली. अण्णांनी एक बोट वर केलं. दुसरी झाली तेव्हा दुसरं गाणं नुकतंच लागलं होतं, आणि त्यांच्या पायपेटीला अजून नऊ गाणी होती.