सिग्नलची चाचणी म्हणजे ‘स्लीप’ नव्हे

‘सिग्नल हँडलर म्हणजे साधं फंक्शन. चाचणीत थेट कॉल करा. खरा सिग्नल पाठवायचाच असेल तर पुढे एक सेकंदाचा स्लीप टाका. प्रोसेस अडकलीच तर किल -९ आहेच.’ हा मेसेज प्रोग्रामर मंडळींत बरेच दिवस फिरतोय. (सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळणारी सूचना; हँडलर म्हणजे ती आली की चालणारा कोड; स्लीप म्हणजे नुसतं थांबणं; किल -९ म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारणं.) मी सोडून दिला होता. पण परवा भाची म्हणाली, “मावशी, हे वाचून मी जुन्या चाचण्या काढून टाकल्या.” तिची पहिलीच नोकरी. आता गप्प बसवत नाही.

पहिलंच वाक्य सगळ्यात घातक. साधं फंक्शन आपण बोलावू तेव्हा चालतं. हँडलर मधेच कुठेही घुसतो, अगदी मॅलॉक, म्हणजे मेमरी वाटून देणारं फंक्शन, आपल्या साठ्याची (हीपची) नोंद अर्धवट बदलत असतानाही. त्या क्षणी हँडलरनेही मेमरी मागितली की सगळा विचका. दुसऱ्या यंत्रावर दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएच या प्रोग्राममधला सीव्हीई-२०२४-६३८७ (हा सुरक्षा-दोषांच्या यादीतला क्रमांक) हा दोष नेमका असाच होता. लॉगिनची १२० सेकंदांची मुदत संपली की सिगअलार्म हा वेळ संपल्याचा सिग्नल यायचा, हँडलर नोंद लिहिणाऱ्या सिसलॉगला बोलवायचा, सिसलॉग आतून मॅलॉकला. ग्लिबसी ही सी भाषेची लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर बाहेरच्या माणसाला पासवर्डाशिवाय थेट रूट, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा, मिळू शकत होतं. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना ३२-बिट यंत्रावर सरासरी १०,००० प्रयत्नांत ही वेळ साधता आली. बरं, हा दोष २००६ मध्येच दुरुस्त झाला होता. नंतरच्या एका बदलात ते संरक्षण गळालं आणि ८.५पी१ या आवृत्तीपासून दोष परत आला. हँडलर थेट कॉल करणारी चाचणी लाख वेळा चालवा, हे कधीच सापडणार नाही, कारण त्या कॉलच्या वेळी मॅलॉक अर्धवट नसतंच.

एक मान्य करते. हँडलरने फक्त फ्लॅग लावला (‘सिग्नल आला’ एवढी खूण केली) किंवा पाइपमध्ये, म्हणजे निरोप पोचवायच्या नळीत, एक बाइट लिहिला आणि आवराआवर मुख्य लूपवर सोपवली, तर ती आवराआवर थेट कॉल करून खुशाल तपासा. पण मेसेजात ही अट कुठे आहे?

स्लीपचं म्हणाल तर हँडलर बसण्याआधीच सिगटर्म, म्हणजे ‘आवरून बंद हो’ हा सिग्नल, पोचला की प्रोसेस तिथेच मरते, आणि मशीनवर ताण असला की तो एक सेकंद पुरत नाही. हँडलर बसवून झाल्यावर चाइल्डने (तपासायच्या प्रोसेसने) पाइपवर ‘तयार’ लिहावं, ते वाचूनच पॅरेंटने (तिला सुरू करणाऱ्या चाचणीने) किल कॉलने सिग्नल पाठवावा, मग मुदत घालून वेटपिडने चाइल्ड संपायची वाट बघावी. आणि सिग्नल मोजू नका. एकाच प्रकारचे दोन साधे सिग्नल प्रलंबित असले तर एकच पोचतो.

किल -९ पकडताच येत नाही. त्यात बफरमधला डेटा जातो, तात्पुरत्या फाइली तशाच पडून राहतात. कंटेनर, म्हणजे वेगळ्या डब्यात चालणारे प्रोग्राम, थांबवणारा डॉकर स्टॉपसुद्धा आधी सिगटर्म देऊन सहसा १० सेकंद थांबतो. त्या १० सेकंदांत प्रोग्राम नीट आवरतो का, हेच तर भाचीच्या चाचण्या बघत होत्या. आज त्या परत टाकायला लावल्या.